शनिवारचा पलंग

“शनिवारी नको येऊस. शनिवारी माझा पलंग नसतो. सोमवारी ये, सोमवारी असतो.”

माझी सहा वर्षांची भाची मागच्या अंगणात तिच्या वर्गातल्या मैत्रिणीला सांगत होती. मी दोरीवर वाळत घातलेल्या चादरींच्या पलीकडे उभी होते, त्यामुळे त्या दोघींना दिसत नव्हते. माझ्या हातातल्या चादरीची घडी तशीच अर्धवट राहिली.

“मग शनिवारी तू कुठं झोपतेस?”

“जिथं असेल तिथं. कधी आजीजवळ, कधी आत्याजवळ. एकदा स्वयंपाकघरात. तिथं फ्रीज बोलतो.”

“आमच्याकडे पण फ्रीज आहे. तो नाय बोलत.”

“रात्री बोलतो. दिवसा झोपतो तो.”

तिच्या आवाजात तक्रार अजिबात नव्हती. आगरदांड्याहून शेवटची फेरीबोट कधी सुटते हे एखाद्याला सांगावं, तितक्या सरळपणे ती आमच्या घरातली व्यवस्था समजावून देत होती. मैत्रिणीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. “बरं, सोमवारी येते,” असं म्हणून ती चिंचा शोधायला लागली. मला मात्र ते वाक्य चादरीतल्या वाळूसारखं दिवसभर टोचत राहिलं.

आमच्याकडे पर्यटक राहतात. नारळी-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. एवढ्या भांडवलावर दादानं घराच्या तीन खोल्या पाहुण्यांसाठी नीट करून घेतल्या. उरलं ते आमचं घर. शुक्रवारी संध्याकाळपासून गाड्या यायला लागतात आणि रविवारी दुपारी जेवून जातात. पाहुणे सांगितल्यापेक्षा जास्त आले की ‘जास्तीची सोय’ करायची. आमच्या घरात हा शब्द इतक्या वेळा ऐकू येतो, की भाची बोलायला लागली तेव्हा आई, बाबा, आजी यांच्यानंतर तोच तिच्या तोंडात आला असावा.

आईचा एक नियम आहे. दारात आलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणायचं नाही. तांदूळ संपले तरी आमच्याकडे ते ‘वाढलेले’ असतात, दिवा विझत नाही, ‘शांत होतो’. तशीच जागाही कधी संपत नाही, ती ‘करायची’ असते. आता जागा करायची म्हणजे कुणीतरी उठायचं. आणि घरात जे सगळ्यांत लहान असतं ते सगळ्यांत सहज उठतं. त्याला कुठंही ठेवता येतं. भाचीच्या आधी ते लहान मी होते.

मला त्याचं वाईट वाटायचं असं नाही. मला नवीनच वाटायचं. माझ्याकडे एक छोटी उशी होती, वाडीतल्या सावरीच्या कापसाची. ती काखेत मारून मी माजघरातून माळ्यावर आणि माळ्यावरून पडवीत फिरायचे. शाळा तालुक्याच्या गावी, इंग्रजी माध्यमाची. तिथं सगळं इंग्रजीत बोलायचं आणि घरी परत आल्यावर गावातली मुलं “मॅडम आल्या” म्हणायची, म्हणून घरी फारसं बोलायचं नाही. शनिवार-रविवार अनोळखी माणसं. अशात मला गप्प राहून बघायची सवय लागली, ती अजून आहे. पाहुण्यांचे मेसेज येतात त्यांना मी इंग्रजीत छान उत्तरं लिहिते. तीच माणसं प्रत्यक्ष आली की मी सरबताचा ट्रे ठेवून आत जाते. “मुलगी बोलत नाही का हो?” असं एका काकूंनी आईला विचारलं होतं. आई म्हणाली, “बोलते. पण लिहून.”

बोलत नसले तरी पाहुणे मला कळतात, ते त्यांच्या पलंगांवरून. निघताना चादरीची घडी करून ठेवणारे असतात. उशीखाली शिंपले विसरणारे असतात. काही जोडपी पलंगाच्या एकाच बाजूवर इतकी झोपतात की दुसरी बाजू इस्त्री केल्यासारखी राहते. आणि काही मुलं असतात, जी निघताना पलंगाला हात करून “बाय बाय” म्हणतात.

तर भाचीचा पलंग. तोवर तिचा म्हणजे माजघरातला जुना पलंग होता, पाहुणे वाढले की तोही जायचा. वादळात आमचा जुना फणस आडवा झाला होता. त्याच्या फळ्या कापून ठेवल्या होत्या. दादानं त्यातून तिच्यासाठी पलंग करायचं ठरवलं. फणसाचं लाकूड नवं असताना पिवळंधमक असतं, हळदीच्या नवरीसारखं. सुताराला माप सांगताना मी पडवीतच होते.

“पुऱ्या मापाचा कर,” दादा म्हणाला. “पोर काय, वाढेलच. आणि तोवर उपयोगालाही येईल.”

कुणाच्या उपयोगाला, ते त्यानं सांगितलं नाही आणि सुतारानंही विचारलं नाही. मला कळलं. दादा तसा अगदी मऊ माणूस. मुलीसाठी त्यानं स्वतः बसून पॉलिश केलं, उशाकडच्या फळीवर सुताराकडून मासा कोरून घेतला. पण पाहुण्यांचं नाव निघालं की त्याची मान आपोआप होकारार्थी हलते. झोपेतसुद्धा हलत असेल.

पलंग कोपऱ्यातल्या लहान खोलीत लागला आणि त्या रविवारी, पाहुणे गेल्यावर, अंथरूण-पांघरूण घ्यायला वहिनी, भाची आणि मी बोर्ली पंचतनच्या बाजारात निघालो. वहिनी स्कूटर चालवत होती, भाची पुढं उभी, मी मागं.

दुकानदार आम्हाला चांगला ओळखतो. दरवर्षी दिवाळीच्या आधी आमची मोठी खरेदी त्याच्याकडेच असते.

“या वहिनी, या. किती डझन काढू?”

“एकच.”

“एक डझन. बरं.”

“एक डझन नाही हो. एक चादर.”

त्याचा हात फळीवरच थांबला. “का हो? धंदा बरा चाललाय ना?”

“धंदा बरा आहे. हिच्या पलंगाला घ्यायचीय.”

“अरे व्वा! मालकीणबाईंची खरेदी!” म्हणून त्यानं भाचीला गाद्यांच्या थप्पीवर बसवलं. “बोला मालकीणबाई, कुठली गादी? कापसाची, फोमची का काथ्याची?”

वहिनीनं गाद्यांवर बोटांच्या पेरांनी टकटक करून बघितलं. ती नारळही असाच बघते. शेवटी तिनं काथ्याची, वरून कापसाचा थर असलेली गादी पसंत केली. दुकानदार म्हणाला, “आडवी करून बघा ना पोरीला. जिला झोपायचंय तिला विचारा.”

भाची आडवी झाली. अगदी कडेला, भिंतीला पाल चिकटते तशी. हात अंगाला घट्ट लावलेले.

“अगं, मध्ये झोप की,” वहिनी म्हणाली.

“नको. अजून कुणी आलं तर?”

दुकानदार मोठ्यानं हसला. वहिनीही हसली, पण तिचं हसणं मध्येच संपलं. मी गादीच्या कापडावरची पट्टी बघत राहिले.

पुढं चादर. वहिनीचा हात सवयीनं पांढऱ्यावर गेला. “पांढरीच घेऊ. बाकीच्यांबरोबर धुता येते.” मी हळूच एक निळी चादर पुढं सरकवली, तिच्यावर होड्या होत्या. वहिनी म्हणाली, “रंग जाईल हिचा. बाकीच्या निळ्या होतील. थांब, तिलाच विचारू. काय गं, तुला कुठली हवी?”

भाचीनं तिन्ही-चारी चादरींवर तळहात फिरवला. कपाळाला आठ्या घालून, आमची आई तांदूळ बघते तसं. मग म्हणाली, “पांढरी. पांढरी सगळ्यांना आवडते.”

“सगळ्यांना म्हणजे?”

“पाहुण्यांना. आणि उशा दोन. आणि वर टॉवेल ठेवायचा, घडी करून.”

“दोन उशा कशाला तुला? डोकं किती तुझं?”

“पलंगावर दोनच असतात,” ती म्हणाली. आईला एवढंही कसं माहीत नाही, असा तिचा चेहरा होता.

दुकानदारानं दोन उशा काढल्या. मला बोलायचं होतं, पण काय ते जुळेना. आणि दुकानात अजून एक गिऱ्हाईक आलं होतं, त्यांच्यासमोर तर नाहीच. मग मी गाद्यांच्या थप्पीवर तिच्या शेजारी चढून बसले आणि तिच्या कानात म्हटलं, “डोळे मीट.”

तिनं मिटले.

“आता समज, पाहुणे नाहीतच. दिघीची फेरी बंद.”

“मांडव्याची बोट?”

“तीपण बंद.”

“गाडीनं आले तर? माणगावकडनं?”

“गाडी पंक्चर.”

“सगळ्यांची?”

“सगळ्यांची. एकूण एक. रस्त्यानं ओळीनं उभ्या आहेत, आणि सगळे खाली उतरून वडापाव खातायत.”

ती खुदकन हसली. “मग?”

“मग घरात आपणच. कुणी येणार नाही. शनिवार आहे आणि पलंग तुझा आहे. त्याच्यावर काय घालायचं?”

तिनं डोळे उघडले. पहिल्यांदाच तिनं खालच्या फळ्यांकडे बघितलं नाही. मान वर करून, अगदी छताजवळच्या फळीपर्यंत तिनं दुकान बघून घेतलं आणि बोट दाखवलं.

“तो.”

वर, पारदर्शक चेनच्या पिशवीत, एक वाघ होता. जाडजूड, केसाळ ब्लँकेट, त्यावर आख्खा वाघाचा चेहरा. पिवळे डोळे, मिशा, मागं हिरवंगार जंगल आणि का कुणास ठाऊक, एक धबधबा.

“अगं ते ब्लँकेट आहे!” वहिनी ओरडलीच. “आपण काश्मीरला राहतो का? इथं पंख्याखाली घाम फुटतो.”

“वाघाला घाम येत नाही.”

“तुला येईल ना पण!”

“लोक ते आहेराला नेतात, मालकीणबाई,” दुकानदार म्हणाला. “पांघरायला कुणीच नेत नाही. कपाटात ठेवतात, पुढच्या लग्नात दुसऱ्याला देतात. हा एकच वाघ गेली कित्येक वर्षं तालुकाभर फिरत असेल.” पण बोलता बोलता त्यानं काठी घेतली आणि पिशवी खाली पाडली. चेन उघडल्याबरोबर भाचीनं वाघाच्या कपाळात तोंड खुपसलं. बराच वेळ तिचे फक्त केस दिसत होते.

“आत्या,” आतून आवाज आला, “हा गुरगुरतोय.”

वहिनी ब्लँकेटचं वजन हातानं जोखत होती. “धुवायचं कसं हे? बादलीत मावायचं नाही. वाळायलाच किती दिवस. आणि पाहुण्यांना तरी कोण देणार? उन्हाळ्यात कुणी अंगावर घेणार नाही. काही उपयोगाचं नाही बघ हे.”

“हो ना,” मी म्हटलं. “पाहुण्यांना काहीच उपयोग नाही.”

एवढंच. पण मी ते म्हटलं आणि वहिनीकडे बघितलं. वहिनी हुशार आहे. ती आतल्या भातशेतीच्या गावातली, आमच्याकडे लग्न होऊन आली तेव्हा तिनं समुद्र तिसऱ्यांदा बघितला होता. एक क्षण ती माझ्याकडे बघत राहिली. मग पोरीकडे बघितलं. आणि मग तिला जे हसू फुटलं, ते काही थांबेना. थप्पीला टेकून हसत राहिली.

“तुला ठाऊक आहे,” डोळे पुसत ती मला म्हणाली, “माझ्या रुखवतातली चादर? मी स्वतः भरलेली, मोरांची. ती पहिल्यांदा कुणी अंथरली असेल? कांदिवलीच्या पाहुण्यांनी! दिवाळीची गर्दी होती. तुझा दादा म्हणाला, एकाच रात्रीचा प्रश्न आहे. मी नवी, मी काय बोलणार? हो म्हटलं. सकाळी मोरांवर चहा.”

“मग?”

“मग काय मग. मोर तपकिरी झाले.” ती दुकानदाराकडे वळली. “द्या हो तो वाघ. आणि उशी एकच द्या. लहान.”

चादर मात्र तिनं पांढरीच घेतली. धुण्याच्या बाबतीत वहिनी कुणाचं ऐकत नाही.

गादी दुकानदार टेम्पोनं पाठवणार होता. वाघ आम्ही सोबत नेला. तो माझ्या मांडीवर मावेना, म्हणून पाठीवर घेतला, ओढणीनं बांधून. त्याचा चेहरा मागच्या रस्त्याकडे. मागून येणारी एसटी एवढी जवळ आली आणि ड्रायव्हरनं एवढा लांब हॉर्न दिला, की मी दचकून वळले. तो वाघाला सलाम करत होता. वहिनी स्कूटर चालवता चालवता पुन्हा हसायला लागली. भाची पुढून ओरडत होती, “बाजूला व्हा! बाजूला व्हा!” आणि मी, जी रस्त्यात ओळखीचं माणूस दिसलं की मोबाइल बघते, ती मी त्या दिवशी वाघ पाठीवर घेऊन गावातून आले. देवळाजवळच्या पारावरच्या सगळ्यांनी बघितलं. मला काही झालं नाही.

आईनं ब्लँकेट बघून कपाळाला हात लावला. “थंडी कुठाय आपल्याकडे?”

“येईल,” भाची म्हणाली.

पांघरायचा प्रश्न तिनं स्वतःच सोडवला. वाघ पांघरायचा नाही, अंथरायचा. पांढऱ्या चादरीवर वाघ, वाघाच्या कपाळावर उशी, वर पंखा फुल्ल. पहिल्या रात्री ती कडेलाच झोपली. दुसऱ्या सकाळी मी बघायला गेले तर ती वाघाच्या नाकावर होती. आणखी काही दिवसांनी पलंगाच्या बरोबर मध्ये, हात-पाय चारी दिशांना, तारामाशासारखी. त्याआधी सोमवारी, ठरल्याप्रमाणे, मैत्रीण आली होती. दोघी पलंगाखाली शिरल्या, वरून ब्लँकेट सोडलं आणि गुहा केली. गुहेत मला बोलावलं. मी आत गेले आणि संध्याकाळच्या चहापर्यंत बाहेर आले नाही. फणसाच्या लाकडाचा वास खालून अजून ताजा येत होता.

मग शनिवार आला.

दुपारी एक मोठी गाडी आली. ठाण्याची मंडळी, हसतमुख, बरोबर लहान मुलं. पाहुण्या बाई उतरल्या उतरल्या आईच्या पाया पडल्या, वाडी बघून “किती छान!” म्हणाल्या आणि मग जरा संकोचानं दादाला म्हणाल्या, “अहो दादा, एक विचारायचं होतं. आमचे दीर ऐनवेळी निघाले. एका माणसाची जास्तीची सोय होईल का?”

मी सरबताचा ट्रे घेऊन पडवीत आले होते. मी दादाच्या मानेकडे बघितलं. ती हलायला लागली होती.

“होईल की,” तो म्हणाला. “न व्हायला काय झालं? आतल्या लहान खोलीत पलंग आहे. नवाच आहे.”

वहिनी दारात होती. तिनं पदर खोचला आणि तोंड उघडलं, पण पाहुण्या बाई तिच्याकडे वळून “थँक्यू हं वहिनी” म्हणाल्या आणि तिचं तोंड तसंच मिटलं. आई पेले मोजल्यासारखं करत होती. कुणाचीच चूक नव्हती. बाई चांगल्या होत्या, दादा चांगला होता. आमच्या घरात हे असंच होतं, चांगल्या माणसांमध्ये, हसत हसत.

आणि आतून घसटत घसटत काहीतरी आल्याचा आवाज आला. भाची होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं ऐकलं होतं आणि आपण होऊन वाघ पलंगावरून ओढून काढला होता. त्याची कशीबशी गुंडाळी करून, काखेत उशी घेऊन ती पडवीत उभी होती. वाघाचा एक डोळा बाहेर दिसत होता.

“अय्या, किती गोड!” बाई म्हणाल्या. “तू देणार काकांना तुझा पलंग?”

“हो,” ती म्हणाली. “वाघ काढलाय. नाहीतर त्यांना गरम होईल.” मग तिनं माझ्याकडे बघितलं. रडवेली वगैरे नव्हती. तिला फक्त विचारायचं होतं. “आत्या, आज तुझ्याजवळ का आजीजवळ?”

तिच्या काखेतली ती उशी मी ओळखली. नवीन होती, दुकानातली होती, तरी ओळखली.

शेजारच्या घरी एक खोली रिकामी आहे हे मला माहीत होतं, सकाळीच त्यांचे पाहुणे येणार नसल्याचं त्यांनी कळवलं होतं. ते सांगितलं असतं तर काम झालं असतं, ‘नाही’ न म्हणता झालं असतं. पण मग पुढच्या शनिवारी पुन्हा मान हलली असती. मी ट्रे खाली ठेवला. पेले जरा जास्तच वाजले आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई, दादा, वहिनी, पाहुण्या बाई, त्यांची मुलं. एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघतायत असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं. मी भाचीच्या काखेतली उशी नीट केली, वाघाचं दुसरं टोक माझ्या हातात घेतलं, आणि माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बराच मोठा निघाला.

“नाही,” मी म्हणाले. “काकांची सोय शेजारी होईल, मी आत्ता सांगून येते. पण तो पलंग मिळणार नाही. तो शनिवारीसुद्धा हिचाच असतो.”